दहा नंबरचा पाना

बॅटरी बदलल्यावर गाडीला सगळं परत शिकवावं लागतं हे कुणी मला आधी सांगितलं असतं, तर मी जुन्याच बॅटरीवर, मागून सहा बायकांना धक्का मारायला लावून, टाकव्यापासून इंदुरीपर्यंत गेले असते. निदान डोकं तरी ठिकाणावर राहिलं असतं.

मी तेजल. टाकवे बुद्रुकला राहते आणि सात सीटर गाडी चालवते. गाडी माझ्या नावावर आहे, सेकंड हँड आहे, लोणावळ्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. सकाळी सहा वाजता निघायचं, टाकव्यातल्या दोघी, कान्हे फाटकावरच्या दोघी आणि वडगावच्या दोघी अशा सहा बायका उचलायच्या, इंदुरीच्या पुढे पॅकिंगची कंपनी आहे तिथं सातच्या आत सोडायच्या आणि दुपारी साडेतीनला परत घरी आणायच्या. हे काम मला एका महिन्याच्या ट्रायलवर मिळालं होतं. महिना नीट गेला की वर्षाचं काँट्रॅक्ट. नाही गेला, तर "आम्ही म्हणत होतोच" असं म्हणायला अर्धं गाव पारावर बसलेलंच आहे. बाईनं गाडी घेतली तेव्हापासून ते वाटच बघतायत.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, कान्हे फाटक पडलं. मी इंजिन बंद केलं, हेडलाइट तसाच राहिला. एक मालगाडी गेली, मग एक लोकल, मग आणखी काहीतरी गेलं. फाटक उघडलं आणि मी चावी फिरवली तर नुसतं टकटक टकटक. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. शेवटी बायका रिक्षानं गेल्या, उशिरा पोचल्या आणि सगळ्यांचा अर्धा दिवस कापला गेला. चैताली, कान्हे फाटकावरची पोरगी, माझी सगळ्यात आवडती आणि तोंडानं सगळ्यात फटकळ, मला म्हणाली, "ताई, तुमच्यापेक्षा एसटी बरी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मी रागारागानं सगळं सांगितलं. नवरा सुहास कामावरून दमून आलेला, त्यानं "हं" केलं. सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ब्याटरी उतरली व्हय?" मी म्हटलं, "व्हय आबा, उतरली, मेली, संपली." ते गप्प बसले. आबांचं गप्प बसणं आमच्या घरात रोजचंच आहे, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर पुढचा आठवडा वाचला असता.

दुसऱ्या दिवशी धक्का मारून गाडी चालू केली आणि बायकांना सोडून मी कामशेतला अमृतकडे गेले. अमृत गाडीच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं काम करतो. हात चांगला आहे पण तोंड बंद होत नाही. त्यानं नवी बॅटरी बसवली आणि मी चावी फिरवली. चालू झाली एकदम, छान. मी पर्स उचलली तर हा म्हणतो, "थांबा ताई, आता खरं काम."

"कसलं खरं काम? चालू झाली की."

"वीज गेली की गाडी सगळं विसरते. आता तिला बालवाडीपासून शिकवायचं."

आणि मग त्या पठ्ठ्यानं माझा तासभर खाल्ला. आधी खिडक्या. ड्रायव्हरची काच एकदा बटण दाबलं की आपोआप वर जायची, ती आता अर्ध्यातच थांबायची. काच पूर्ण वर न्यायची आणि बटण पाच सेकंद तसंच धरून ठेवायचं, मग तिला आठवतं. मग इंजिन. एसी बंद, रेडिओ बंद, दिवे बंद, दहा मिनिटं नुसतं उभ्या उभ्या चालू ठेवायचं, नाहीतर सिग्नलला थरथरून बंद पडतं. मग स्टिअरिंग. समोर पिवळा दिवा लागलेला, तो जायला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. मग घड्याळ, ते बारावर गेलेलं. आणि शेवटी रेडिओ. रेडिओनं चार आकडी कोड मागितला. म्हणजे मी घेतलेल्या गाडीतला मीच विकत घेतलेला रेडिओ मलाच विचारतो, तू कोण? लोणावळ्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते पेशंट तपासत होते. अर्ध्या तासानं त्यांच्या बायकोनं जुन्या पुस्तकाच्या पाठीमागून कोड वाचून दाखवला. मी तो तळहातावर लिहिला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. आता पाच वर्षं बघायला नको."

पाच वर्षं! दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी गाडीत बसले तर घड्याळ भलतंच काहीतरी दाखवत होतं, रेडिओ कोड मागत होता आणि पिवळा दिवा माझ्याकडे टकामका बघत होता. कान्हे फाटकाला गाडी थरथरली आणि बंद पडली. परत चालू केली. वडगावला परत बंद पडली. काच खाली केली ती वर जाईना, आणि तळेगावच्या पुढे पावसाची सर आली ती थेट माझ्या मांडीवर. मागून चैताली म्हणाली, "ताई, गाणी तरी लावा." मी म्हटलं, "गाणी हवी असतील तर तूच म्हण." तिनं म्हटली. पोरीचा आवाज गाडीच्या इंजिनापेक्षा वाईट आहे.

तशीच अमृतकडे गेले. "काय रे, हीच का तुझी पाच वर्षं?"

त्यानं बॉनेट उघडलं, तारा हलवून बघितल्या, खाली वाकला, वर आला, डोकं खाजवलं. "कनेक्शन तर घट्ट आहे. रात्रीत सप्लाय तुटला असणार." परत खिडक्या, परत दहा मिनिटं, परत स्टिअरिंग, परत कोड. कोड तळहातावरून पुसला गेला होता पण आता तो मला पाठ झाला होता.

गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारी पुन्हा तेच. घरी सुहासला सांगितलं तर म्हणतो कसा, "तूच काहीतरी बटण दाबत असशील." उंटावरचा शहाणा! गाडीत बसल्यावर पट्टा लावायला ज्याला तीनदा सांगावं लागतं तो मला बटण शिकवतोय. अमृतनं शुक्रवारी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, रात्री गाडी दुसरं कुणी वापरत नाही ना?" मी म्हटलं, "गाडी माझ्या मागच्या दारात उभी असते, चावी खिळ्याला असते आणि मी साडेआठला झोपते. कोण वापरणार, भुतं?" तो हसला. मला हसू आलं नाही.

त्याच दुपारी कंपनीतून प्रदीप सरांचा फोन आला. हे प्रदीप सर म्हणजे कंपनीच्या गाड्यांचं सगळं बघणारे. वय माझ्याएवढंच, पण बोलणं असं की समोरचा शाळेतला पोरगा आहे.

"मॅडम, तुमच्या गाडीतलं डिव्हाइस रोज रात्री का काढता?"

मला आधी कळेचना. बायकांची ने-आण करणाऱ्या प्रत्येक गाडीत कंपनी स्टिअरिंगखाली एक काळी डबी खोचून देते. गाडी कुठं आहे ते तिच्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतं. बायकांच्या सुरक्षेसाठी. डबीला वीज गाडीच्या बॅटरीतून मिळते. कुणी डबी उपसली की तिकडे लाल अक्षरात मेसेज जातो.

"मी कशाला काढू, सर?"

"तेच विचारतोय. मंगळवारी रात्री साडेनऊ ते सकाळी पावणेसहा, डिव्हाइस बंद. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. त्या वेळात गाडी कुठं असते?"

"घरी."

"ते डिव्हाइस म्हणत नाही ना." मग जरा थांबून, आवाज मऊ करून, "हे बघा मॅडम, लोणावळ्याला आता सीझन आहे. बंगल्यांवर पार्ट्या असतात, रात्री गाड्यांना मागणी असते. ड्रायव्हर लोक डबी काढून जातात. पुरुष ड्रायव्हर. पण एका बाईनं रात्रभर..." आणि पुढे तो बोललाच नाही. न बोलताच सगळं बोलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या अकरा वाजता येऊन लेखी खुलासा द्या. पटला नाही तर सोमवारपासून दुसरी गाडी लावणार. महिना पूर्ण व्हायची वाट बघणार नाही."

फोन ठेवला. काम जाईल ते जाईलच, पण गावात काय सांगू? गाडी काढून घेतली, का? तर बाई रात्रीची कुठंतरी जाते. पारावरच्यांना वर्षभर पुरेल एवढं खाद्य.

संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं. सुहासनं घास तोंडात असतानाच विचारलं, "खरंच कुठं जात नाहीस ना?" गंमत म्हणून विचारलं, असं त्याचं म्हणणं. मी ताट सरकवलं आणि उठले. रात्री शेजारी झोपणारा माणूस असं विचारतो म्हटल्यावर त्या प्रदीपला काय बोलायचं? सासूबाई सुहासवर ओरडल्या. आबा भाकरी दुधात कुस्करत होते. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली बघून कुस्करायला लागले. डबी, डिव्हाइस, मेसेज, यातलं त्यांना काय कळलं असेल ते त्यांनाच माहीत.

शनिवारी सकाळी गाडी पुन्हा सगळं विसरलेली. आता मला रागही येईना, रडूच येत होतं. बायकांना सोडलं आणि तडक कामशेत गाठलं. अमृत दुकानाचं शटर वर करत होता.

"आज तू मला काय ते खरं सांग," मी म्हटलं. "जुनी बॅटरी रंगवून दिली असशील तर तसं सांग. मी भांडणार नाही. नुसता जीव घेईन."

तो गाडीत बसला, बटणांना हात लावायच्या आधी नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, घड्याळ किती दाखवतंय?"

"चुकीचं दाखवतंय! रोज चुकीचं दाखवतंय!"

"चुकीचं म्हणजे किती?"

एक पंचावन्न. त्यानं मोबाइल काढला, त्यात सात चाळीस झाले होते. "हे घड्याळ वीज आली की बाराला सुरू होतं. आता एक पंचावन्न दाखवतंय, म्हणजे वीज येऊन पावणेदोन तास आणि वर दहा मिनिटं झाली." तो बोटं मोजत होता. "पावणेसहाला कुणीतरी जोडली. आपोआप तुटलेली तार आपोआप जोडली जात नाही. त्याला माणूस लागतो. पाना घेऊन उभा असलेला माणूस."

पावणेसहा! तेच प्रदीप सरांच्या कॉम्प्युटरमधलं पावणेसहा. त्या वेळेला मी मोरीत अंघोळ करत असते, सुहास घोरत असतो, सासूबाई चुलीपाशी असतात. मागच्या दारी फक्त एक माणूस असतो, धार काढायला गेलेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी अमृतला काही न सांगता गाडी वळवली. तो मागून ओरडत होता, "ताई, काच तरी शिकवून घ्या!"

आबा गोठ्यात म्हशीला पेंड चारत होते. मी गाडी त्यांच्या पुढ्यातच थांबवली.

"आबा, माज्या गाडीला कोन हात लावतं?"

"मी," ते म्हणाले. लगेच. ना आडपडदा, ना संकोच. वर तोंडावर समाधान. "का गं? झाली ना सकाळी चालू?"

"काय करता तुमी?"

मग त्यांनी सांगितलं, एखाद्यानं लेकराला कौतुकानं गुपित सांगावं तसं. आबांनी तीस वर्षं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर काढली. मालकाचा ट्रॅक्टर, मालकाचं शेत, आबा ड्रायव्हर. ट्रॅक्टर उभा राहिला की बॅटरी आपोआप उतरते, म्हणून रोज काम झालं की आबा बॅटरीची एक तार सोडून ठेवायचे आणि सकाळी जोडायचे. "तीस वरसांत येक दिस माजा ट्रॅक्टर धक्क्यावर चालू केला न्हाई. तुजी ब्याटरी फाटकावर मेली, बायांचा अर्दा दिस बुडाला, तू तळतळत आलीस. म्हटलं, आता हिची ब्याटरी मी मरू देत न्हाई. राती जेवल्यावर सोडतो, धारंला आलो की जोडतो. ट्रॅक्टरचा पाना बसंना, म्हनून कामशेताच्या बाजारातनं दहा नंबरचा आनला." त्यांनी बंडीच्या खिशातून पाना काढून दाखवला. नवा कोरा, चकचकीत.

आता यावर माणसानं काय करावं? दुसरी एखादी सून हसली असती. मी हसले नाही. चार दिवसांचा सगळा ताप, खिडक्या, कोड, थरथर, मांडीवरचा पाऊस, प्रदीपचं ते मऊ बोलणं, सुहासचा घास, सगळं एकदम माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"आबा, ही गाडी हाय, ट्रॅक्टर न्हाई! तार सोडली की ती सगळं इसरते! तुमी तार सोडता आन तिकडं मेसेज जातो की तेजलनं डबी काडली! माजं काम चाललंय तुमच्या पान्यापायी, कळतंय का? मला लोक रातची फिरनारी म्हनतायत! कुनी सांगितलं हुतं तुमाला? तो ट्रॅक्टर तुमचा न्हवता आन ही गाडीबी तुमची न्हाई!"

बोलून गेले. शेवटचं वाक्य तोंडातून सुटलं तेव्हाच मला कळलं की ते बोलायचं नव्हतं. आबांनी पाना खिशात घातला नाही, गाडीच्या सीटवर ठेवला. पेंडीची पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि आत गेले. मला वाटलं, संपलं, आता महिनाभर हा माणूस माझ्याशी बोलत नाही.

पाच मिनिटांनी ते बाहेर आले ते चौदा एप्रिलला घालतात तो पांढरा सदरा घालून. डोक्याला टोपी. गाडीचं पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले आणि पट्टा लावला. कुणी न सांगता.

"चल," म्हणाले. "सायबाला सांगू."

इंदुरीच्या वाटेला लागलो. गाडी वडगावला थरथरून बंद पडली. आबांनी माझ्याकडे चोरून बघितलं. मी परत चालू केली.

प्रदीप सरांच्या खोलीत मी सगळं सांगितलं. बॅटरी, तार, पाना, घड्याळ, पावणेसहा. सर खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर ते हसले.

"मॅडम, खुलासा म्हणून सासऱ्यांना घेऊन आलात?"

"त्यांनीच तार सोडली म्हटल्यावर त्यांनाच आणणार ना, सर."

"तसं कुणीही सांगेल." मग ते आबांकडे वळले, आवाज मोठा करून, म्हातारी माणसं बहिरीच असतात असं समजून. "बाबा, तुम्ही रात्री झोपता ना? मग तुम्ही झोपल्यावर तुमची सून गाडी घेऊन कुठं जाते, कुठं नाही, तुम्हाला काय माहीत?"

मी खुर्चीवरून उठलेच. मी काय बोलणार होते ते मलाच ठाऊक नाही, पण बोलले असते तर काम तिथंच गेलं असतं. आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"साहेब," आबा म्हणाले. एवढ्या हळू आवाजात की सरांना पुढं वाकावं लागलं. "ही रातची कुटं जाती, हे इचारायचा हक्क कुनाचा आसंल तर माजा. ही माज्या घरात ऱ्हाती. मी कदी इचारलं न्हाई. मग तुमी कोन?"

सरांनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"तसं नाही बाबा, कंपनीचा नियम..."

"नियम हाय तर नियमानं बगा की. मीबी तीस वरसं दुसऱ्याची गाडी चालवली. मालकाला वाटायचं, ह्यो केरबा, म्हंजी मी, माजा ट्रॅक्टर राती दुसऱ्याच्या वावरात घालतो. मला कदी इचारलं न्हाई त्यानं. ट्रॅक्टर किती तास चालला ते मीटर बगायचा, सकाळी आन संद्याकाळी. मी बगायचो त्याला बगताना." आबांनी गेटकडे बोट केलं. "तुमच्या गेटवर तो वाचमन गाडीचं किलोमीटर लिवतो का न्हाई? मगाशी त्यानं लिवलं. ते वाचा. तार सोडली म्हनून किलोमीटर इसरत न्हाई गाडी."

मी आबांकडे बघतच राहिले. गेटवर वॉचमन रोज माझ्या काचेतून डोकावून आकडा लिहितो, आत येताना आणि बाहेर जाताना, आणि कालपासून मी केस उपटत होते पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अमृतच्याही आलं नाही, त्या नियमवाल्याच्या तर नाहीच नाही.

सरांनी रजिस्टर मागवलं. मंगळवारी दुपारी बाहेर जाताना किती, बुधवारी सकाळी आत येताना किती. वजाबाकी केली तर अठ्ठेचाळीस किलोमीटर. म्हणजे बायकांना सोडत टाकवं आणि सकाळी बायकांना घेत परत. गुरुवारी पुन्हा अठ्ठेचाळीस. शुक्रवारी बावन्न.

"हे बावन्न कसे?" सरांनी लगेच पकडलं.

"चैतालीला ताप होता, तिला आत वस्तीवर दारापर्यंत सोडलं. आत पॅकिंगच्या लाइनवर आहे ती, बोलवा आणि विचारा."

त्यांनी बोलवलं नाही. शनिवारची वजाबाकी केली. अठ्ठेचाळीस. मग बराच वेळ ते रजिस्टरच्या त्या पानाकडे बघत बसले. जणू अजून एखादा आकडा कुठूनतरी उगवेल आणि त्यांची लाज राखेल. लोणावळ्याला जाऊन यायचं तर साठ किलोमीटर नुसते वरचे लागतात. ते कुठंच नव्हते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी मेल टाकतो. सोमवारी तुम्हीच या. पण आता तार सोडू नका, बाबा."

"न्हाई सोडत."

मी तशीच उभी राहिले. मला वाटलं, आता माणूस एक शब्द तरी बोलेल. चुकलं म्हणेल. त्यानं शिपायाला हाक मारली आणि दोन चहा सांगितले. मी म्हटलं, "चहा नको, सर. काल फोनवर जे अर्धं बोलला होतात ते माघारी घ्या." त्यांचे कान लाल झाले. "सॉरी," ते पुटपुटले, माझ्याकडे नाही, रजिस्टरकडे बघून. तेवढ्यावर मी निघाले. अजून थांबले असते तर माझं तोंड सुटलं असतं, आणि काँट्रॅक्टला अजून दहा दिवस बाकी होते.

बाहेर येऊन गाडीत बसलो. परतीला तळेगाव गेलं, वडगाव गेलं. मला आबांना सांगायचं होतं की ते ट्रॅक्टरचं मी बोलायला नको होतं. तीस वर्षं संशय खाल्लेल्या माणसाला मी घरच्या गोठ्यात उभं करून तेच परत खायला घातलं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. पण माझं हे असं आहे, भांडण मला पटकन येतं आणि माफी घशात अडकते. कान्हे फाटक आलं आणि नेमकं पडलं. मी हेडलाइट बंद आहे का ते दोनदा बघितलं. तोंड उघडलं ते माफी मागायला, आणि बाहेर भलतंच आलं.

"आबा, येक सांगू? सायबाला बोलला ते झ्याक बोलला. पन तो हक्क तुमालाबी न्हाई. मी राती कुटं जाते हे इचारायचा."

आबा समोर फाटकाकडे बघत होते. लोकल यायची होती, आली नव्हती.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "म्हनून तर कदी इचारलं न्हाई."